दियाब्लोस रोहोस: मेक्सिको सिटी कधीच न सोडलेला बेसबॉल संघ

२०२५ साली 'दियाब्लोस रोहोस देल मेहिको' या संघाने मेक्सिकोची व्यावसायिक बेसबॉल लीग १८ व्यांदा जिंकली. अंतिम मालिकेत त्यांनी हालिस्कोच्या 'चार्रोस' संघाला हरवलं. आदल्या वर्षीचे विजेतेही तेच होते. विजेतेपदांच्या यादीत त्यांच्या मागे 'तिग्रेस' हा संघ आहे, १२ वेळा जिंकलेला, आणि त्याच्यामागे माँतेरे शहराचे 'सुल्तानेस', १० वेळा. दियाब्लोस रोहोस म्हणजे लाल सैतान. प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांना हे नाव अगदी चपखल वाटत असणार.

बेसबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते आणि मेक्सिको म्हटलं की फुटबॉल. पण मेक्सिकोच्या वायव्येकडच्या सोनोरा आणि सिनालोआ या राज्यांत, आग्नेयेच्या युकातानमध्ये आणि राजधानीतल्या कितीतरी घरांत बेसबॉल हाच पहिला खेळ आहे. मेक्सिकन लीग १९२५ पासून चालू आहे, म्हणजे २०२५ साली ती शंभर वर्षांची झाली. दियाब्लोस त्यात १९४० मध्ये आले. या संघाची गोष्ट नीट पाहिली तर एका अवघड प्रश्नाचं उत्तर मिळतं: जगातली सर्वांत श्रीमंत बेसबॉल लीग कुंपणाला लागून असताना मेक्सिकोतला संघ जगतो कसा? चांगला खेळाडू तयार झाला की उत्तरेकडे जाणार, हे सगळ्यांनाच माहीत असतं. मग मागे उरतं काय, आणि त्यावर १८ विजेतेपदं कशी उभी राहतात?

आधी रचना समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. मेक्सिकोत मोठ्या व्यावसायिक लीग दोन आहेत. एक 'लिगा मेक्सिकाना दे बेइस्बोल', ती साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालते. दियाब्लोस या लीगमध्ये आहेत. दुसरी 'मेक्सिकन पॅसिफिक लीग', ती ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. तिचे संघ, मालक आणि शहरं बरीचशी वेगळी. खेळाडू मात्र अनेकदा तेच. उन्हाळ्यात राजधानीत दियाब्लोसकडून खेळणारा माणूस हिवाळ्यात एर्मोसियो किंवा कुलिआकानच्या संघात दिसतो. कॅरिबियन देशांच्या विजेत्यांची जी मालिका फेब्रुवारीत होते, तिला मेक्सिकोकडून हिवाळी लीगचा विजेता जातो. म्हणून १८ वेळा जिंकूनही दियाब्लोस त्या मालिकेत दिसत नाहीत.

उन्हाळी लीगचे संघ उत्तर आणि दक्षिण अशा दोन विभागांत वाटलेले असतात. विभागात वरचे संघ बाद फेरीत जातात, दोन विभागांचे विजेते शेवटी भिडतात आणि जो आधी ४ सामने जिंकेल तो विजेता. या अंतिम मालिकेला 'सेरिये देल रे', म्हणजे राजाची मालिका म्हणतात. खेळापुरतं सांगायचं तर क्रिकेट पाहणाऱ्याला एवढं पुरे आहे: दोन्ही संघांना ९-९ वेळा फलंदाजी मिळते, प्रत्येक वेळी ३ जण बाद होईपर्यंत. फलंदाज पळत मैदानावरचे बेस, म्हणजे थांबे, ओलांडून परत सुरुवातीच्या जागी आला की एक धाव. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि चेंडू मैदानाच्या कुंपणापार गेला की होमरन.

आता १९४०. संघ काढला दोघांनी. एक एर्नेस्तो कार्मोना, ज्यांनी आलेहांद्रो आगिलार रेयेस या क्रीडापत्रकारासोबत १९२५ मध्ये लीगच सुरू केली होती. दुसरे साल्वादोर लुतेरोत. हे नाव मेक्सिकोत आजही घराघरांत माहीत आहे, पण बेसबॉलमुळे नव्हे. मुखवटे घालून होणारी मेक्सिकन कुस्ती, 'लुचा लिब्रे', तिला व्यवसायाचं रूप देणारा हा माणूस. १९३३ साली त्यांनी काढलेली कुस्ती कंपनी नाव बदलून आजही चालू आहे. लोकांना पैसे मोजून तमाशा पाहायला कसं आणायचं हे ज्याला कळतं, असा माणूस मुळाशी असणं संघाच्या फायद्याचं ठरलं असं मला वाटतं.

सुरुवातीला नाव नुसतं 'रोहोस', लाल. सैतान नंतर आले. गोष्ट अशी सांगतात की १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला माँतेरेच्या संघाविरुद्ध हे बरेच मागे पडले होते, सामना गेल्यातच जमा होता, आणि शेवटच्या डावात त्यांनी असा काही मारा केला की 'हे तर सैतानासारखे खेळतात' असं कोणीतरी बोलून गेलं. नाव चिकटलं ते कायमचं. चाहते त्यांना लाडाने 'पिंगोस' म्हणतात, तेही खोडकर सैतानाचंच नाव.

ते दशक समजून घ्यायचं तर होर्हे पास्केल या माणसाला टाळता येत नाही. जकातीच्या दलालीतून गडगंज झालेलं वेराक्रूसचं कुटुंब, आणि १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मिगेल आलेमान यांच्याशी जवळीक. त्याचा संघ 'आसुलेस दे वेराक्रूस', म्हणजे निळे. नाव वेराक्रूसचं असलं तरी तो खेळायचा राजधानीतच, दियाब्लोसच्याच मैदानावर. एकाच शहरात लाल आणि निळे, आणि १९४० चं विजेतेपद निळ्यांनी नेलं.

पास्केलने आणि बाकीच्या मालकांनी जे केलं त्याचं महत्त्व पैशापुरतं नव्हतं. त्या काळी अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. ही बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मैदानात उतरला, त्याआधी दशकानुदशकं त्यांच्यासाठी वेगळ्या 'निग्रो लीग' होत्या. तिथे पगार कमी, प्रवास हालाचा, आणि गावोगावी हॉटेलं दार बंद करणारी. मेक्सिकोने त्यांना बोलावलं, जास्त पैसे दिले आणि इतर कोणाहीसारखं राहू दिलं. जॉश गिब्सन आला, कूल पापा बेल आला, रे डँड्रिज आला. दियाब्लोसकडे आला बिल राइट, टेनेसी राज्यातला उंचापुरा, 'वाइल्ड बिल' म्हणून ओळखला जाणारा आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा. १९४३ च्या हंगामात फलंदाजीची सरासरी (म्हणजे फलंदाजीच्या दर संधीमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण), होमरन आणि धावा मिळवून देणारे फटके या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला होता. बेसबॉलमध्ये या तिहेरी यशाला फार मान आहे, कारण ताकदीने मारणाऱ्याची सरासरी सहसा घसरते आणि जपून मारणाऱ्याचे होमरन कमी होतात.

राइटची पुढची गोष्ट मला त्या आकड्यांहून मोठी वाटते. खेळ संपल्यावर तो परत गेलाच नाही. मेक्सिकोतच, आग्वासकालिएंतेस शहरात त्याने उपाहारगृह चालवलं आणि १९९६ मध्ये तिथेच त्याचा शेवट झाला. मेक्सिकोच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात त्याचं नाव आहे. ज्या देशाने त्याला तरुणपणी आपल्या मुख्य लीगमध्ये खेळू दिलं नाही, त्या देशात म्हातारपणी परत जावंसं त्याला वाटलं नाही, यात नवल नाही.

१९४६ साली पास्केलने मोठी उडी मारली. त्याने अमेरिकेच्या प्रमुख लीगमधले गोरे खेळाडूही फोडायला सुरुवात केली. हे शक्य कसं झालं? तेव्हा अमेरिकेत खेळाडूच्या करारात एक कलम असायचं: करार संपला तरी हक्क क्लबकडेच. खेळाडूला दुसऱ्या क्लबशी बोलायची मुभा नाही. क्लब देईल तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा. पास्केल या व्यवस्थेच्या बाहेरचा असल्यामुळे त्याला ते कलम लागू नव्हतं. मिकी ओवेन, मॅक्स लॅनियर, साल मॅग्ली, डॅनी गार्डेला असे बरेच जण सीमा ओलांडून आले. अमेरिकेचे बेसबॉल आयुक्त हॅपी चँडलर यांनी जाणाऱ्यांवर ५ वर्षांची बंदी घातली. गार्डेला कोर्टात गेला, अपील कोर्टाने १९४९ मध्ये त्याचा दावा चालवण्याजोगा ठरवला, आणि पुढे प्रकरण तडजोडीने मिटलं. बंदीही त्याच वर्षी उठली. खेळाडू ही क्लबची मालमत्ता आहे का, हा प्रश्न अमेरिकेत पुढे कित्येक वर्षं लढवला गेला. त्याची एक ठिणगी मेक्सिकोतून उडाली होती.

मेक्सिकोत मात्र हे फार काळ परवडलं नाही. एवढे पगार भरून निघतील इतकी तिकिटं खपत नव्हती. पास्केल दोन-तीन वर्षांत बाजूला झाला, १९५५ मध्ये विमान अपघातात गेला. त्याचे निळेही बंद पडले. लाल राहिले. तोवर त्यांच्याकडे एकही विजेतेपद नव्हतं.

१९५५ हे वर्ष मेक्सिकन लीगसाठी मोठं वळण. पास्केलच्या उलट वाट धरून लीग अमेरिकेच्या 'मायनर लीग' व्यवस्थेत सामील झाली, आधी डबल-ए दर्जाची म्हणून आणि १९६७ पासून ट्रिपल-ए, म्हणजे प्रमुख लीगच्या लगेच खालच्या पायरीची. अमेरिकेत प्रमुख लीगच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी दुय्यम लीग असतात. त्यातले संघ वरच्या एखाद्या क्लबशी बांधलेले असतात आणि त्यांचे खेळाडू वरच्या क्लबच्या मालकीचे असतात. हंगामाच्या मध्यात वरून निरोप आला की संघातला सर्वांत चांगला खेळाडू त्याच रात्री निघून जातो. मेक्सिकन संघांनी हे मान्य केलं नाही. त्यांनी दर्जा घेतला, नियम घेतले, एकमेकांचे करार पाळायचं कबूल केलं. पण कोणत्याही अमेरिकन क्लबचं अंकित होणं नाकारलं. खेळाडू हवा असेल तर विकत घ्या, एवढाच सौदा.

यातून एक गोष्ट सरळ निघाली. मेक्सिकन संघ जिंकण्यासाठीच खेळतो. अमेरिकेतल्या दुय्यम संघात खेळाडू घडवणं हे काम, जिंकणं हे जमलं तर. दियाब्लोसच्या चाहत्याला असं उत्तर देऊन चालत नाही. २०२१ पासून मेक्सिकन लीग त्या अमेरिकन चौकटीतूनही बाहेर आहे आणि स्वतंत्र व्यावसायिक लीग म्हणून चालते.

१९५६ मध्ये दियाब्लोसनी पहिली लीग जिंकली, स्थापनेनंतर १६ वर्षांनी. व्यवस्थापक होते क्युबाचे लासारो सालासार, मेक्सिकोत आधीच इतर संघांना जिंकून दिलेले. मैदानावरचा नायक होता आलोन्सो पेरी, अमेरिकेतला कृष्णवर्णीय फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिला बेस सांभाळणारा. राइटसारखंच तिहेरी यश त्याने त्या हंगामात मिळवलं. सालासार यांना मात्र हे सुख फार लाभलं नाही. पुढच्याच हंगामाच्या सुरुवातीला, एप्रिल १९५७ मध्ये, सामना चालू असताना ते कोसळले आणि गेले.

त्यानंतर विजेतेपदं आली १९६४ आणि १९६८ मध्ये, मग १९७३, १९७४, १९७६, मग १९८१, १९८५, १९८७, १९८८. या काळात फलंदाज म्हणून एकच नाव घ्यायचं तर नेल्सन बारेरा. कांपेचे राज्यातल्या सिउदाद देल कार्मेनचा हा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू उमेदीची वर्षं दियाब्लोसकडे खेळला. मेक्सिकन लीगमध्ये होमरनचा विक्रम एक्तोर एस्पिनोच्या नावावर होता, ४५३. एस्पिनो हा मेक्सिकन बेसबॉलचा देव. त्याच्या आकड्याला कोणी हात लावेल असं लोकांना वाटत नव्हतं. बारेराने २००१ मध्ये तो ओलांडला आणि ४५५ वर थांबला. थांबला म्हणजे थांबावं लागलं. २००२ च्या जुलैमध्ये घराच्या कामात हातातला पत्रा विजेच्या तारेला लागला आणि वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. तेव्हाही तो ओहाका शहराच्या संघाचा खेळाडू होता.

आता पुन्हा खेळाडूंच्या बाजाराकडे येऊ, कारण दियाब्लोसचं अर्थकारण समजायचं तर हीच किल्ली आहे. मेक्सिकोत मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच एखादा क्लब त्याच्याशी करार करतो आणि त्याच्या व्यावसायिक हक्कांचा मालक होतो. पुढे अमेरिकन क्लबला तो हवा असेल तर मुलाच्या घरी जाऊन चालत नाही, मेक्सिकन क्लबशी बोलावं लागतं. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फेर्नांदो वालेंसुएलाचं. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी त्याला मेक्सिकन लीगकडून १ लाख २० हजार डॉलरला घेतलं, आणि १९८१ मध्ये या डावखुऱ्या पिचरने सगळ्या अमेरिकेला वेड लावलं. दियाब्लोसकडून असेच रोबेर्तो ओसुना २०११ मध्ये टोरोंटोला आणि हुलिओ उरिआस २०१२ मध्ये डॉजर्सकडे गेले, दोघंही १६ वर्षांचे असताना.

या सौद्यात पैसे कोणाला मिळत? वर्षानुवर्षं मोठा वाटा क्लबचा असे, अनेकदा तीन चतुर्थांशापर्यंत, उरलेलं मुलाला. क्लबचं म्हणणं, आम्ही त्याला शोधला, जेवू घातलं, शिकवलं. म्हणणं खोटं नाही. पण शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमधला त्याच वयाचा मुलगा थेट करार करून जवळपास सगळी रक्कम घरी नेतो, हेही तितकंच खरं. माझ्या मते ही वाटणी अन्यायाचीच होती. २०१८ मध्ये अमेरिकेच्या लीगने मेक्सिकन क्लबांकडून असे खेळाडू घेणं थांबवलं आणि २०१९ मध्ये नवा करार झाला: मुलगा आपली रक्कम अमेरिकन क्लबशी स्वतः ठरवतो, आणि मेक्सिकन क्लबला त्याला मोकळं करण्याचा मोबदला वेगळा मिळतो.

खेळाडूंनी आवाज उठवला नव्हता असंही नाही. १९८० मध्ये मेक्सिकन लीगच्या खेळाडूंनी 'आनाबे' नावाची संघटना बांधून भर हंगामात संप केला. मालक हटले नाहीत, संपात पुढे असलेल्यांना लीगचे दरवाजे बंद झाले, काहींनी वेगळी लीग काढली पण ती टिकली नाही. दियाब्लोसच्या १९८१ च्या विजेतेपदाची आठवण काढताना मागची ही जखमही आठवायला हवी.

आजच्या संघावर ज्या माणसाची छाप आहे तो आल्फ्रेदो आर्प एलू. लेबनॉनहून आलेल्या घराण्यातला बँकर, अब्जाधीश उद्योगपती कार्लोस स्लिम यांचा नात्याने भाऊ. १९९४ मध्ये त्याचं अपहरण झालं आणि १०६ दिवसांनी सुटका झाली. त्याच वर्षी त्याने दियाब्लोस घेतला, आणि त्याच वर्षी संघ जिंकला. पुढे त्याने ओहाका राज्याचा 'गेरेरोस' संघ उभा केला आणि ओहाका शहराजवळ सान बार्तोलो कोयोतेपेक या गावी २००९ मध्ये बेसबॉल अकादमी काढली. काळ्या मातीच्या भांड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. देशभरातून निवडलेली किशोरवयीन मुलं तिथे राहतात, शाळा शिकतात आणि खेळतात. दियाब्लोसची पुढची पिढी विकत कमी आणि घरात जास्त घडावी, हा त्यामागचा हिशोब.

खेळाडू आले-गेले. मैदानंही बदलली, आणि मला वाटतं की या संघाची खरी कहाणी मैदानांमध्येच आहे. पहिलं 'पार्के देल्ता'. लाकडी, जुनं. त्याच जागी, नार्वार्ते भागात, मेक्सिकोच्या सामाजिक विमा संस्थेने नवं मैदान बांधलं आणि ते १९५५ मध्ये सुरू झालं. नाव 'पार्के देल सेगुरो सोसियाल', म्हणजे सामाजिक सुरक्षेचं मैदान. सुमारे २५,००० लोक बसतील एवढं. त्याच वर्षी उद्योगपती आलेहो पेराल्ता यांनी 'तिग्रेस' हा संघ काढला आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकली. दियाब्लोस १५ वर्षं जिंकण्याची वाट पाहत होते, आणि घरच्याच मैदानात आलेला नवा भाडेकरू पहिल्या वर्षी चषक घेऊन गेला! वैर तिथूनच पेटलं. दोन्ही संघांचं घर एक, शहर एक, म्हणून या सामन्यांना 'गेर्रा सिविल', यादवी युद्ध, असं नाव पडलं. नवरा लाल, बायको तिग्रेसची, अशी घरं त्या शहरात होती.

त्या मैदानाचे दोन वास जुने लोक सांगतात. एक कोचिनिता टाकोचा: युकातानच्या पद्धतीने आंबट संत्र्याच्या रसात मुरवून शिजवलेलं डुकराचं मांस आणि वर गुलाबी कांदा. बेसबॉल पाहायला जाणं आणि कोचिनिता खाणं राजधानीत एकच होतं, आणि नव्या मैदानातही ती रांग लागते.

दुसरा वास कोणालाच आठवायचा नसतो. १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी मेक्सिको सिटीला ८ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप बसला. हजारो माणसं मेली. शवागारं अपुरी पडली तेव्हा सरकारने पार्के देल सेगुरो सोसियाल उघडलं. हिरवळीवर मृतदेहांच्या रांगा लावल्या, सडू नयेत म्हणून बर्फ आणला, आणि हरवलेल्यांचे नातेवाईक त्या रांगांमधून आपलं माणूस शोधत फिरले. दियाब्लोस त्या वर्षीचे विजेते होते. ज्या गवतावर लोकांनी खेळ पाहिला होता त्याच गवतावर त्यांनी आपल्या माणसांची ओळख पटवली. पुढच्या हंगामात तिथेच पुन्हा बेसबॉल सुरू झालं. हे मैदान पाडलं तेव्हा इतकी माणसं का हळहळली, हे १९८५ माहीत नसेल तर कळत नाही.

ते बंद झालं २००० मध्ये. जागेवर आता 'पार्के देल्ता' नावाचं मॉल आहे. दोन्ही संघ शहराच्या पूर्वेकडच्या 'फोरो सोल'मध्ये गेले. हे मुळात मोटार शर्यतीच्या मार्गातलं गाण्याच्या कार्यक्रमांचं मैदान, बेसबॉलचं नव्हे. २००० आणि २००१ च्या अंतिम मालिका दियाब्लोस विरुद्ध तिग्रेस अशाच झाल्या आणि दोन्ही तिग्रेसनी जिंकल्या. तरीही २००२ मध्ये तिग्रेस राजधानी सोडून पुएब्लाला गेले, २००७ मध्ये तिथूनही कानकूनला. दियाब्लोसनी २००२ आणि २००३ ची विजेतेपदं घेतली, मग २००८ आणि २०१४. पण शहरात आता ते एकटे होते. वैरी गेला की अर्धी मजा जाते, हे राजधानीतल्या चाहत्यांनी अनुभवलं.

२०१४ चं विजेतेपद मिळालं आणि फोरो सोलही सुटलं. फॉर्म्युला वन शर्यती २०१५ मध्ये मेक्सिकोत परतणार होत्या आणि त्यांचा मार्ग त्याच मैदानातून जाणार होता. देशातला सर्वांत यशस्वी संघ मग ४ हंगाम 'फ्राय नानो' या छोट्या मैदानात खेळला, जिथे जेमतेम ५,००० लोक मावतात. फ्राय नानो हे लीगच्या त्या संस्थापक पत्रकाराचं, आगिलार रेयेस यांचं टोपणनाव. तेवढाच काय तो योग.

२३ मार्च २०१९ रोजी आर्प एलू यांच्या नावाचं नवं स्टेडियम उघडलं. वास्तुरचना फ्रान्सिस्को गोन्सालेस पुलिदो यांची, स्थानिक वास्तुरचनाकारांच्या साथीने. खाली ज्वालामुखीच्या दगडाची, जुन्या पिरॅमिडांची आठवण करून देणारी दणकट बांधणी आणि वर सैतानाच्या त्रिशूळासारखं पांढरं हलकं छत. सुमारे २०,००० जागा. स्थापनेनंतर ७९ वर्षांनी दियाब्लोसना फक्त स्वतःसाठी बांधलेलं घर मिळालं.

इथे खेळणं मात्र सोपं नाही, आणि त्याचं कारण हवा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटरवर आहे. अमेरिकेत बेसबॉलसाठी सर्वांत उंच मानलं जाणारं डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटरवर. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे मारलेल्या चेंडूला अडवणारं कमी असतं आणि तो लांब जातो. आणि पिचर चेंडूला जी फिरकी देतो ती वळते हवेवर घासूनच. हवा विरळ, तर वळण कमी. म्हणजे पिचरला दोन्हीकडून फटका. २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या प्रमुख लीगने इथे सामने ठेवले तेव्हा सॅन डिएगो पॅड्रेसनी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना पहिल्या सामन्यात १६-११ असं हरवलं आणि दोन्ही संघांनी मिळून ११ होमरन मारले. दियाब्लोसचे पिचर हे वर्षानुवर्षं सोसत आले आहेत. म्हणून त्यांचे आकडे खालच्या शहरांतल्या पिचरांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहणं मला रास्त वाटत नाही.

नव्या घरात विजेतेपद लगेच आलं नाही. २०२० चा हंगाम करोनामुळे रद्द झाला, मधली वर्षं हातातोंडाशी येऊन गेली. २०२४ मध्ये मात्र लोरेन्सो बंडी यांच्या संघाने अंतिम मालिकेत सुल्तानेसना सलग ४ सामन्यांत गारद केलं. अमेरिकेत नाव कमावलेला रॉबिन्सन कानो त्या हंगामात ०.४३१ सरासरीने लीगमध्ये पहिला आला, बेसबॉलमध्ये ०.३०० म्हणजेही उत्तम समजतात. मोठ्या नावांना आणण्यावरून चाहत्यांत वाद आहे. तिकिटं खपतात हे मान्य. पण मला कोयोतेपेकच्या अकादमीतून आलेला मुलगा संघात कायमचा बसलेला पाहायला जास्त आवडेल. १९४० च्या दशकापासून परदेशी पाहुण्यांनी या संघाला मोठं केलं हे खरंच आहे, आणि बिल राइट तर पाहुणा राहिलाच नाही.

तिग्रेस आता कानकूनहून येतात. तरी त्यांचा सामना राजधानीत असला की बसण्याच्या जागा अजूनही दोन रंगांत वाटल्या जातात, आणि दियाब्लोस पाहायला सुरुवात करायची असेल तर त्यांचा आणि तिग्रेसचाच सामना निवडावा.